गरम क्रूडसाठी प्लेट की शेल अँड ट्यूब?

सेपरेटरच्या (तेल आणि पाणी वेगळं करणाऱ्या टाकीच्या) आधी ओलं क्रूड, म्हणजे पाणी मिसळलेलं कच्चं तेल, तापवायचं आणि त्यासाठी पुढून येणाऱ्या सुक्या, गरम क्रूडचीच उष्णता वापरायची. या जागेवर मी दोन्ही प्रकारचे हीट एक्स्चेंजर (एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणारी यंत्रं) चालवले आहेत. आधी प्लेट, म्हणजे एकमेकांवर दाबलेल्या पातळ पत्र्यांचा, तोही माझ्याच आग्रहाने. नंतर तिथेच शेल अँड ट्यूब, म्हणजे मोठ्या नळकांड्यात (शेल) नळ्यांचा जुडगा (बंडल).

प्लेटच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. दोन्ही प्रवाह पुरते उलट दिशांनी वाहतात, त्यामुळे ओलं क्रूड ज्या तापमानाला बाहेर पडतं ते सुक्या क्रूडच्या आउटलेटपेक्षाही वर जाऊ शकतं. ट्यूबमधला प्रवाह एकदा जाऊन परत येतो अशा दोन पासच्या शेलमध्ये हे साधायचं तर एकामागे एक शेल जोडावे लागतात. शिवाय बंडल बाहेर ओढायला समोर त्याच्या लांबीएवढी मोकळी जागा सोडावी लागते. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर कधीकधी एवढ्यावरच निर्णय होतो, आणि त्यात चूक नाही.

प्लेटमधली फट जेमतेम काही मिलिमीटरची, त्यात वाळू आणि मेण अडकणारच. ते मी धरून चाललो होतो. वैताग आणला तो गॅस्केटने, म्हणजे प्लेटांच्या कडेच्या रबरी सीलने.

क्रूडमधल्या अ‍ॅरोमॅटिक घटकांनी नाइट्राइल रबर फुगतं. प्लेटांमध्ये दाबलेलं असतं तोवर कळत नाही. साफसफाईसाठी पॅक उघडला तेव्हा गॅस्केट खाचेतून उसळून बाहेर आली, आणि परत बसवायला जावं तर खाचेपेक्षा लांब झालेली. एक टोक दाबलं की दुसरीकडे कमान धरायची. सफाई उरकली, पण नवा सेट येईपर्यंत युनिट उघडंच पडून राहिलं.

पुढे व्हायटन रबराचं गॅस्केट घेतलं. फुगणं कमी झालं, पण शटडाऊननंतर थंड युनिट चालू करताना कडेने क्रूड पाझरायला लागलं. गरम झालं की थांबायचं. प्लेटा दाबून धरणारे टाय बोल्ट आणखी आवळावेत, तर दोन फ्रेममधलं अंतर नेमप्लेटवरच्या किमान मापाला टेकलेलं. त्याखाली गेलं की प्लेटाच चेपतात. मी टेप लावून चारही कोपरे मोजतोय आणि खालच्या ट्रेमध्ये थेंब पडताहेत, असं प्रत्येक स्टार्टअपला. क्रूडचा असा उघड्यावरचा पाझर, थोडा असला तरी, मला चालत नाही.

एक्स्चेंजर बंद पडला की भोगतो सेपरेटर. तापमान उतरतं, क्रूड घट्ट होतं, पाण्याचे थेंब खाली बसायला वेळ घेतात आणि मधला इमल्शनचा (तेल-पाण्याच्या घट्ट मिश्रणाचा) थर जाड होत जातो. इंटरफेसच्या (तेल-पाण्याच्या सीमेच्या) पातळीवर भरवसा राहत नाही, इमल्शन फोडणारं रसायन, डिमल्सिफायर, वाढवावं लागतं.

शेल अँड ट्यूबही तुंबतो, पण आमचा तरी सांगून तुंबला. आउटलेटचं तापमान हळूहळू उतरत गेलं, तेवढ्यात कामाचा दिवस ठरवता आला. चॅनेल कव्हर उघडायचं, सरळ ट्यूबमधून वॉटर जेट मारायचा. एखादी ट्यूब फुटली तर दोन्ही टोकांना प्लग ठोकून पुढे चालू. घेताना फ्लोटिंग हेड (बंडलचं एक टोक शेलला न जखडलेलं) आणि स्क्वेअर पिच (ट्यूब चौकोनी रांगांत) मागा, म्हणजे बंडल बाहेरूनही साफ करता येतं. यू-ट्यूब स्वस्त पडते, पण वाळू असेल तर तिचं वळण साफ करताना जीव मेटाकुटीला येतो. ओलं क्रूड ट्यूबमधून न्या आणि वेग सेकंदाला 1 मीटरच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर वाळू तिथेच बसते.

एक खोट मात्र सांगायला हवी. फ्लोटिंग हेडचं गॅस्केट शेलच्या आत असतं, ते गळलं तर बाहेरून दिसत नाही. सुक्या क्रूडमधलं पाणी विनाकारण वाढलं तर आधी तिकडे संशय घ्यावा.

पूर्ण वेल्डेड प्लेट एक्स्चेंजर सुचवला जाईल. त्यात गॅस्केटची कटकट नाही, पण प्लेटा सुट्या करून घासताही येत नाहीत; केमिकलने मेण निघेल, वाळूचं सांगवत नाही. समुद्राच्या पाण्याने कूलिंग वॉटर थंड करायचं असेल तर मी आजही टायटॅनियमच्या प्लेटाच घेईन. तुमचं क्रूड खरंच स्वच्छ असेल आणि जागेची ओढाताण असेल, तर इथेही प्लेट चालून जाईल. फक्त गॅस्केटचा पूर्ण सेट युनिटसोबतच मागवून ठेवा.