कानपुरात बनलेल्या डॉर्नियरमधून डिब्रूगड ते पासीघाट

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. संगणकावर चालणारी कटाईची चार यंत्रं (तीन सीएनसी, एक व्हीएमसी), अकरा माणसं. गिऱ्हाईक ड्रॉइंग देतं, आम्ही त्याबरहुकूम पार्ट काढतो. पंचवीस वर्षं हेच केल्यामुळं कुठलीही वस्तू हातात आली की दोन प्रश्न मनात येतात : ही बनवली कुणी, आणि हिचं ड्रॉइंग कुणाचं?

मुलगी अरुणाचलात पासीघाटला नोकरीला आहे. २०२३च्या जानेवारीत आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. डिब्रूगडपासून रस्त्यानं जायचं तर बोगीबीलच्या पुलावरून ब्रह्मपुत्रा ओलांडून अर्धा दिवस मोडतो. म्हणून अलायन्स एअरच्या विमानाचं तिकीट काढलं. हे विमान म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं कानपुरात बनवलेलं डॉर्नियर-२२८. भारतात बनलेलं विमान नागरी प्रवासी सेवेत पुन्हा उतरलं ते याच मार्गावर, १२ एप्रिल २०२२ रोजी. मला पासीघाटइतकीच या विमानात बसायची ओढ होती, हे मुलीलाही ठाऊक होतं.

सकाळी धुकं होतं, त्यामुळं मोहनबाडी विमानतळावर दीड तास थांबलो. धुकं वितळल्यावर चालतच विमानापाशी गेलो. डाव्या बाजूला मागं दार, दारालाच पायऱ्या. आत शिरताना वाकावं लागतं आणि आतही वाकूनच चालावं लागतं, कारण केबिनची उंची साधारण दीड मीटर. सौ. म्हणाली, "अहो, सांभाळा, डोकं आपटेल." जागा सतरा. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेकच खुर्ची, म्हणजे प्रत्येकाला खिडकी. मोठ्या विमानात हे सुख पैसे टाकूनही सगळ्यांना मिळत नाही.

आतून पाहिलं तर विमानाचं पोट गोल नाही, चौकोनी आहे. हे मला फार आवडलं. हे विमान फार उंच जात नाही, त्यामुळं केबिनमध्ये हवेचा दाब धरून ठेवायचा नसतो. दाब धरायचा नाही तर गोल नळकांडं कशाला हवं? चौकोनी खोकं बनवायला सोपं, दुरुस्तीला सोपं, आणि खांद्याशी जागाही जास्त. पंख वर, छताच्या रेषेत, म्हणून खाली बघायला काही आडवं येत नाही. मी खिडकीतून इंजिनाच्या आवरणावरची रिव्हेटची ओळ न्याहाळत बसलो. ओळ सरळ, डोकी पत्र्याशी सपाट, कुठं पत्रा ओढलेला नाही. असं काम जिग (पत्रे जागेवर पक्के धरणारा साचा) चांगला असेल आणि त्यावर हात बसलेला असेल तरच होतं. कानपूरच्या त्या न पाहिलेल्या माणसांबद्दल मला त्या क्षणी फार अभिमान वाटला.

दोन टर्बोप्रॉप इंजिनं जवळच असल्यामुळं बोलणं कानाशी येऊन करावं लागतं. पण धावपट्टीवर ते इतकं लवकर उचललं गेलं की सौ.नं माझा हात धरला. आखूड धावपट्टीवरून उठणं-उतरणं हाच या पंखाचा गुण. हवेतलं अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरच, अर्ध्या तासाच्या आत सियांग नदीच्या काठी उतरलोसुद्धा. डोंगरातल्या गावांसाठी विमान कसं असावं, तर असं. बनावट आणि कामाला येण्याची लायकी, दोन्हींत मी याला पैकीच्या पैकी देईन.

आता दुसरा प्रश्न. ड्रॉइंग कुणाचं?

ड्रॉइंग जर्मनीचं. डॉर्नियर-२२८ पहिल्यांदा उडालं १९८१मध्ये, आपण ते बनवण्याचा परवाना घेतला १९८३मध्ये. तेव्हापासून कानपुरात शंभराहून अधिक विमानं बनली, बहुतेक हवाई दल, नौदल आणि तटरक्षक दलासाठी. पुढं जर्मनीत याची सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा तिचं धड, पंख आणि शेपूट कानपुरातून तिकडं गेलं. म्हणजे हाताला काही कमी नाही. पण आम्हा जॉब वर्कवाल्यांना यातली मेख चांगली कळते. दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर तुम्ही हजार पार्ट बिनचूक काढा, एक भोक दोन मिलिमीटर सरकवायचं झालं तरी त्याची सही लागते. उद्या १७च्या जागी ३० माणसं बसवायची म्हटलं, तर तो हिशेब ज्यानं मुळात मांडला त्याच्याकडेच असतो. माल आपला दिसतो, पण वाढवता येत नाही.

आणि हे आपल्याकडे दुसऱ्यांदा झालं. त्याआधी याच कानपुरात ब्रिटिश परवान्यावर अॅव्हरो हे प्रवासी विमान बनायचं. पहिलं १९६१च्या नोव्हेंबरात उडालं, पुढं बरीच वर्षं काम चाललं. इंडियन एअरलाइन्सनंही ती वापरली. इतकी वर्षं एक प्रवासी विमान बनवून आपल्याकडे पुढच्या विमानाचं स्वतःचं ड्रॉइंग तयार नव्हतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आता हवाई दलातल्या त्या अॅव्हरोंच्या जागी सी-२९५ येतंय. ५६ पैकी ४० विमानं वडोदऱ्याला बनणार आहेत, ड्रॉइंग पुन्हा बाहेरचंच.

आपलं ड्रॉइंग म्हणजे सारस. बंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान संशोधन संस्थेनं काढलेलं, १४ आसनी, इंजिनं मागं शेपटीजवळ. २९ मे २००४ला पहिल्यांदा उडालं. ठरल्यापेक्षा जड झालं होतं, पण पहिला नमुना जड होणं ही काही लाजेची गोष्ट नाही, आमच्याकडे पहिलं फिक्स्चर (पार्ट धरून ठेवायची पकड) नेहमीच जड होतं. ६ मार्च २००९ला दुसरा नमुना बंगळुरूजवळच्या बिडदीपाशी कोसळला आणि हवाई दलाचे तीन अधिकारी गेले. त्यानंतर काम थंडावलं. सुधारलेलं सारस पुन्हा उडालं २४ जानेवारी २०१८ला. मधली ही वर्षं मला सगळ्यात जास्त टोचतात. अपघातानंतर चौकशी व्हायलाच हवी, चूक शोधायलाच हवी. पण काम थांबलं की माणसं विखुरतात, आणि विखुरलेला हात परत जमवणं नवीन मशीन घेण्यापेक्षा अवघड. मला एका गिऱ्हाइकानं एकदा मधेच वर्षभर ऑर्डर थांबवली होती. पुन्हा सुरू केली तेव्हा त्या जॉबची सेटिंग जाणणारे दोघं दुसरीकडं गेलेले होते. पहिल्या बॅचला जितका भंगार निघाला होता, तितकाच पुन्हा निघाला.

लोक म्हणतात, आधी स्वतःचं इंजिन हवं. मला हे पटत नाही. ब्राझीलचं बांदेरांते हे छोटं प्रवासी विमान १९६८मध्ये उडालं ते कॅनडाच्या पीटी-६ इंजिनांवर. सारसलाही त्याच घराण्यातलं इंजिन होतं. फरक असा की ब्राझीलच्या हवाई दलानं सुरुवातीलाच ८० विमानांची ऑर्डर दिली आणि त्या जिवावर एम्ब्रेअर ही विमान कंपनी १९६९मध्ये उभी राहिली. अशी सुमारे ५०० विमानं बनली. इंजिन विकत आणलं, पण ड्रॉइंग स्वतःजवळ ठेवलं, म्हणून त्यातून पुढचं विमान निघालं आणि त्यातून त्याच्या पुढचं.

हे सगळं आत्ता लिहायला बसलो ते २७ ऑक्टोबर २०२५च्या बातमीमुळं. हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि रशियाच्या युनायटेड एअरक्राफ्टमध्ये एसजे-१०० हे विमान इथं बनवण्याचा करार झाला. लहान शहरं विमानानं जोडणाऱ्या सरकारच्या उडान योजनेसाठी लागणाऱ्या छोट्या जेटची देशाची गरज दहा वर्षांत दोनशेच्या वर आहे, असं कंपनीचं म्हणणं. गरज खरी आहे. आमच्याकडे सोलापूरहून गोव्याला विमान जातं, अमरावतीहून मुंबईला जातं, पण ती सगळी एटीआर, फ्रान्स-इटलीची. पुढं जिची हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाली ती हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी १९४०मध्ये ज्यांनी सुरू केली ते वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांच्या गावावरून आपलं विमान कधी उडेल, हा विचार मला सोडत नाही.

एसजे-१०० बनवावं, माझा विरोध नाही. पण त्या विमानाची गोष्टही लक्षात ठेवावी. त्याच्या सुपरजेट या मूळ आवृत्तीत फ्रान्सच्या भागीदारीतलं इंजिन आणि बरेच पाश्चात्त्य पार्ट होते. २०२२मध्ये निर्बंध आले आणि ते सगळं बदलावं लागलं. ड्रॉइंग रशियाचं स्वतःचं होतं म्हणून निदान बदलता तरी आलं. परवान्यावर बनवणाऱ्याला तेवढीही मोकळीक नसते.

माझी एवढीच मागणी आहे : एनएएलमध्ये १९ आसनी सारस मार्क-२चं काम चालू आहे, त्याची पक्की ऑर्डर सरकारनं आजच नोंदवावी, संख्या सांगून. आणि नागरी प्रमाणपत्राची माणसं वाढवावीत. कांदिवलीच्या चारकोपमध्ये गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांना नोंदणीचा कागद २०१७मध्ये मिळाला, तोवर त्यांच्या आयुष्याची किती वर्षं त्यात गेली. कानपूरच्या डॉर्नियरलासुद्धा नागरी प्रमाणपत्र मिळालं २०१७च्या डिसेंबरात, आणि त्यानंतर प्रवासी बसले ते २०२२मध्ये. ऑर्डर हातात असेल तर भोसरीतली माझ्यासारखी पन्नास शॉप ब्रॅकेट आणि बुश काढायला रांगेत उभी राहतील. मी तर पहिला.

पासीघाटला जाणाऱ्यांसाठी : थंडीत सकाळी धुकं असतं, त्यामुळं पुढची गाडी त्याच दिवशी घट्ट बांधू नका. कानात घालायला कापूस ठेवा. आणि शक्य झालं तर उजवीकडची खिडकी घ्या. तिथून लोहित, दिबांग आणि सियांग एकत्र येतात तो सगळा पसारा दिसतो. सौ.नं तेवढ्या वेळापुरता माझा हात सोडला होता.