थंडरबर्ड: मेल एकत्र आला, ग्रुप मात्र ज्याचे त्याच्याकडे

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. जॉब भावोजी बघतात. कोटेशन, बिलं आणि उधारीची वसुली माझ्याकडे. त्यांचा कॉम्प्युटर वर्कशॉपच्या केबिनमध्ये, माझा दांडिया बाजारात घरी. बरीच वर्षं या दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नव्हतं. पार्टीने पीओ, म्हणजे ऑर्डर, पाठवली की जो कॉम्प्युटर आधी सुरू होईल तो ती उचलायचा आणि दुसऱ्याला पत्ताच नसायचा. मग फोन: "वहिनी, रेट रिव्हाइज केल्याचा मेल तुमच्याकडे आलाय का? इथे काहीच नाही."

ज्याने सेटिंग करून दिलं होतं त्याने दोन्हीकडे मेल आणायची पॉप पद्धत लावली होती, आणि तीही सर्व्हरवरून मेल उतरवून तिथून पुसून टाकणारी. दोन ठिकाणी काम चालत असेल तर हवी आयमॅप ही दुसरी पद्धत. त्यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि दोन्ही कॉम्प्युटर तोच बघतात. भावोजींनी वाचलेला मेल माझ्याकडे वाचलेला दिसतो, मी फोल्डरमध्ये टाकलेला त्यांच्याकडेही त्याच फोल्डरमध्ये जातो. पाठवलेले मेल आणि अर्धवट ड्राफ्टसुद्धा दिसतात, फक्त खात्याच्या सेटिंगमध्ये त्यांची जागा सर्व्हरवरची निवडलेली आहे ना, तेवढं बघून घ्या.

मेल वाचायला-पाठवायला थंडरबर्ड आम्ही आधीपासून वापरत होतो. २००४ पासूनचं हे सॉफ्टवेअर, फुकट आहे, अधूनमधून देणगी मागतं. एक गोष्ट मात्र आधीच सांगते: जुनं पॉप खातं बदलून आयमॅप करता येत नाही. नवं खातं जोडायचं, सेटिंगमध्ये सर्व्हरचा पोर्ट नंबर ९९५ च्या जागी ९९३, आणि जुने मेल ओढून नव्या खात्यात टाकायचे. ते सगळे सर्व्हरवर अपलोड होतात, त्यामुळे एका वेळी एका वर्षाचेच घ्या. मी रात्री लावून झोपायचे.

इथे आमच्या होस्टिंगवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर आमचा मेल आहे त्यांनी, रंग दाखवला. मेलबॉक्सची जागा इतकी थोडी, की पार्ट्यांची ड्रॉइंगं चढवताच "मेलबॉक्स भरला" अशी तार यायला लागली, आणि जास्त जागेचा भाव ऐकून भावोजी नुसते हसले. शेवटी जुनी वर्षं माझ्या कॉम्प्युटरवर लोकल फोल्डर्समध्ये ठेवली. ती भावोजींना दिसत नाहीत, मागितली की मी पाठवते. सर्व्हरवर जागा नसेल तर याला इलाज नाही, त्यात थंडरबर्डचा दोष नाही.

खरी मजा कॉन्टॅक्टमध्ये. बऱ्याच जणांना वाटतं की मेल जोडला की पत्तेही आपोआप जुळतील. तसं होत नाही. आयमॅपला पत्त्यांशी कर्तव्य नाही, त्यासाठी कार्डडॅव्ह लागतं, म्हणजे पत्ते सर्व्हरवर ठेवून सगळीकडे जुळवायची पद्धत. थंडरबर्डमध्ये ते २०२१ च्या ९१ व्या आवृत्तीत आलं. त्याआधी ॲड-ऑन शोधत बसावं लागायचं. आमच्या होस्टिंगवर कार्डडॅव्ह नाही, पण मेल जिथे आहे तिथेच पत्ते असायला हवेत असं कुठे आहे? वर्कशॉपच्या नावाने एक गूगल खातं उघडलं आणि पत्ते तिथे ठेवले. थंडरबर्डच्या ॲड्रेस बुकमध्ये नवं कार्डडॅव्ह बुक जोडायचं, गूगल खात्याचा ईमेल पत्ता टाकायचा, साइन-इनची खिडकी येते तिथे परवानगी द्यायची, संपलं. दोन्ही कॉम्प्युटरवर हेच. दर अर्ध्या तासाने ते स्वतःच जुळवून घेतं, ही वेळ बुकच्या प्रॉपर्टीजमध्ये बदलता येते. तेच खातं भावोजींच्या मोबाइलमध्ये टाकल्यावर तिथले नंबरही यात आले.

आता पत्त्यांचा गोंधळ बघा. दोन्ही कॉम्प्युटरवरून पत्त्यांच्या याद्या सीएसव्ही फाइलींत काढून गूगलमध्ये चढवल्या, तर गियर कापून देणारे पटेल तीनदा: सासऱ्यांनी गुजरातीत लिहिलेले "पटेलभाई", भावोजींचे इंग्रजीतले "पटेल गियर" आणि माझे "पटेल, मांजलपूर, उधारी नाही". नंबर सारखा असल्यामुळे गूगलच्या मर्जने त्यांना एकत्र केलं. नंबर वेगळे होते ते मी हाताने जुळवले. "उधारी नाही" हा शेरा मात्र नोट्समध्ये हलवला, कारण नावात राहिला तर तो मेलच्या "प्रति"मध्ये थेट पटेलांनाच दिसला असता.

आणखी एक सेटिंग, ते कोणी सांगत नाही. तुम्ही कुणाला नवीन मेल पाठवलात की थंडरबर्ड तो पत्ता "कलेक्टेड ॲड्रेसेस" नावाच्या वेगळ्या बुकात टाकतं आणि ते बुक त्या कॉम्प्युटरबाहेर जात नाही. कंपोझिशनच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथे गूगलचं बुक निवडा, दोन्हीकडे.

मायक्रोसॉफ्टचं नवं आउटलुकही पाहिलं. त्यात बाहेरचं आयमॅप खातं जोडलं की मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर जाते. पार्टीची ड्रॉइंगं आमच्या भरवशावर आलेली असतात, म्हणून नको म्हटलं.

एक सावधगिरी. जुळलेलं आहे म्हणजे बॅकअप आहे असं नव्हे. वर्कशॉपवर कुणी मेल डिलीट केला की माझ्याकडचाही जातो. पत्त्यांना गूगल ३० दिवसांपर्यंत मागे नेऊ देतं, मेलचं तुमच्या सर्व्हरवर अवलंबून.

आता तक्रारी. कार्डडॅव्हच्या बुकात ग्रुप करता येत नाहीत. दिवाळीच्या शुभेच्छांची आणि दरवाढीच्या पत्राची यादी माझ्या कॉम्प्युटरच्या लोकल बुकात आहे, म्हणून ती पत्रं मीच पाठवते. मेलखाली आपोआप येणाऱ्या सह्या दोन्हीकडे वेगळ्या कराव्या लागतात. फिल्टरही जुळत नाहीत. पण गंमत अशी की माझ्या फिल्टरने हलवलेला मेल सर्व्हरवरच हलतो, त्यामुळे माझा कॉम्प्युटर चालू असला की भावोजींचाही इनबॉक्स आवरला जातो. बंद असला की बँकेच्या जाहिराती, टूल कंपन्यांचे कॅटलॉग, सगळं त्यांच्यासमोर. मी म्हटलं, "येऊन तुमच्याकडेही फिल्टर करून देते." तर म्हणाले, "कशाला वहिनी, तुम्ही सकाळी चहा ठेवताना कॉम्प्युटर चालू करत जा."