आठ महिने, नऊ रविवार आणि फोर्टातला बिनडब्याचा खजिना

गेल्या ऑक्टोबरात आईला म्हटलं, "रविवारी फोर्टात कॅश शोधायला चाललोय." ती म्हणाली, "का, डोंबिवलीतली एटीएम बंद पडली?" हा घोळ अजून चालू आहे. जिओकॅशिंगमधलं 'कॅश' म्हणजे लपवून ठेवलेला डबा, पैसे नव्हेत, हे तिला चार वेळा सांगून झालं. घरी परतले की पहिला प्रश्न ठरलेला: "किती मिळाली?"

मुळात हा खेळ साधा आहे. २ मे २००० ला अमेरिकेने सामान्यांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये एका माणसाने एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकून लोकांना म्हटलं, शोधा. आम्ही घेतलेलं अ‍ॅप त्याचा शर्यतवाला अवतार आहे. चार-चार जणांचे संघ, सगळ्यांना एकदमच पहिला बिंदू मिळतो. तिथल्या कोड्याचं उत्तर दिलं की पुढचा उघडतो, घड्याळ पळत राहतं. इशारा मागितला की तीन मिनिटं दंड. वर्षाची वर्गणी भरली की स्वतःचे मार्गही आखता येतात. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं बोलणार आहे.

सुरुवातीलाच कळलं की मुंबईत डबा चालायचा नाही. सीएसएमटीजवळच्या बाकाखाली चिकटपट्टी गुंडाळलेली डबी ठेवून बघा, खेळाडूंच्या आधी पोलीस येतील, आणि २००८ नंतर त्यांना दोष कोण देईल? म्हणून आम्ही सगळे बिंदू बिनडब्याचे केले. तिथे जायचं, दगडावर काय कोरलंय ते वाचायचं, मोजायचं, उत्तर टाकायचं. गेटवेवरचं कोडं माझं आवडतं आहे. कमानीवरच्या इंग्रजी मजकुरात राजा-राणी कधी उतरले ते साल रोमन आकड्यांत आहे, ते आपल्या आकड्यांत लिहा. उत्तर १९११. पण 'गेटवे कधी बांधला' असा प्रश्न समजून माझ्या भाच्याने बेधडक १९२४ टाकलं आणि दंड खाल्ला. (उद्घाटन खरंच १९२४चं, त्यामुळे तो अजून रुसलेला आहे.)

आता जीपीएसचं. अक्षांशातल्या मिनिटाचा (म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा) दशांशचिन्हानंतरचा तिसरा आकडा एकाने बदलला तर जमिनीवर जेमतेम १.८ मीटरचा फरक. कागदावर भारी वाटतं. बोराबाजाराच्या गल्लीत, दोन्ही बाजूंना उंच इमारती असताना, सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि फोन तुम्हाला सरळ समोरच्या दुकानाच्या माळ्यावर उभं करतो. अ‍ॅप 'पोहोचलात' म्हणायला १५ मीटरच्या आत यावं लागतं. पहिल्या दोन शर्यतींत आमचा एक संघ गल्लीच्या तोंडाशी फोन वर धरून गोल-गोल फिरत होता. शेवटी हमालांनीच विचारलं, "ताई, रेंज नाय का?" यावर उपाय एकच सापडला: बिंदू नेहमी मोकळ्या जागेत ठेवायचा आणि कोडं असं करायचं की फोन वीस मीटर चुकला तरी डोळ्यांनी जागा सापडावी. हे अ‍ॅपच्या माहितीत कुठेच लिहिलेलं नाही.

सर्वात मोठा फटका तयार मार्गाने दिला. अ‍ॅपने स्वतःच बनवलेल्या 'बंदर' मार्गातला सहावा बिंदू थेट नौदलाच्या गोदीच्या भिंतीपलीकडे पडला! आम्ही बाराजण धापा टाकत लायन गेटपाशी. पहारेकऱ्याने एवढंच विचारलं, "आत कोणी बोलावलंय?" कुणीच नव्हतं. फोन खिशात घातले, माफी मागितली, निघालो. त्या दिवशी शर्यत गेली, पण तिथून चालता चालता मी पोरांना सांगितलं की याच गोदीत वाडियांनी सागवानाची जहाजं बांधली आणि १८१७ मधलं त्यांचं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. "मग आत्या, तो कॅश हार्टलपूलला ठेवायला पाहिजे," असं भाची म्हणाली.

आमचा स्वतःचा मार्ग बोरीबंदर ते गेटवे, सुमारे पाच किलोमीटरचा. त्यातलं एक कोडं आतापर्यंत सगळ्यांना गंडवतं: 'चर्चगेटचं गेट कुठे आहे?' नवीन संघ हमखास स्टेशनकडे पळतो. खरं गेट किल्ल्याच्या तटबंदीत होतं, सेंट थॉमसच्या चर्चकडे जाणारं. १८६०च्या दशकात तट पाडला आणि त्या दरवाजाच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. फोर्टात बारा वर्षं नोकरी केली, रोज त्या कारंज्यावरून गेले, मला स्वतःलाच हे कोडं बनवताना कळलं. स्टेशनवरून हाशहुश करत परत येणाऱ्यांचं तोंड बघण्यासाठी मी त्या दिवशी खेळतच नाही, तिथे बसून राहते.

शेजारीच हुतात्मा चौक. जानेवारीपर्यंत तिथेही कोडं होतं: मशाल धरलेले दोघे कोण? उत्तर शेतकरी आणि कामगार. एका रविवारी दोन संघ ओरडत, ढकलाढकली करत तिथे पोहोचले. बाजूला फुलं घेऊन उभ्या असलेल्या एका आजोबांनी नुसतं बघितलं, बोलले काही नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो बिंदू ठेवायचा होता, फक्त घड्याळ तेवढ्यापुरतं थांबवायचं होतं. अ‍ॅपमध्ये ती सोयच नाही. शर्यत म्हणजे सलग शर्यत. कंपनीला दोनदा लिहिलं, आभाराचं छापील उत्तर आलं. शेवटी बिंदू काढला. आता आम्ही तिथे शर्यत संपल्यावर सगळे मिळून जातो.

बाकी किरकोळ. पाच किलोमीटरला फोनची अर्धी बॅटरी जाते. मराठी भाषांतर भयाण आहे, 'अभिनंदन, आपली रोकड सापडली' असं येतं (आईला हेच दाखवून चूक केली). सकाळी सातला सुरू करा, दहापर्यंत संपवा, नाहीतर मेगाब्लॉकमध्ये परतीचे हाल. मार्चनंतर पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी.

पैसे वसूल झाले का? मार्ग आखायच्या सोयीसाठी, हो. तयार मार्गांसाठी, अजिबात नाही. वर्गणी ऑक्टोबरमध्ये संपतेय, भरेन बहुतेक.

फोर्टातल्या एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्या किती, हा वाद मात्र अजून चालू आहे. माझ्या कोड्यात उत्तर तीस आहे. भाच्याचा संघ एकतीस म्हणतो, सर्वात खालची फुटपाथाला टेकलेली कडा धरून. येत्या रविवारी सगळे जाऊन पुन्हा मोजणार आहोत, घड्याळ न लावता.