फंक्शन वाचू द्यावे, चालवू देऊ नये: एमसीपी टूलबॉक्सचे परीक्षण

लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या कांदा व्यापाऱ्यांसाठी हिशेबपट्टी काढणारी आमची प्रणाली पोस्टग्रेस्क्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसवर चालते आणि तिचे बहुतेक नियम डेटाबेसमध्येच साठवलेल्या छोट्या प्रोग्रॅमांत, म्हणजे फंक्शनांत, लिहिलेले आहेत. हमाली, तोलाई आणि वाराईचे दर असोत की उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) वजा करण्याचा क्रम, सारे तिथेच सापडते. ही फंक्शने लिहिणारी मंडळी केव्हाच पुण्याला गेली. नव्या मुलांना ती उलगडून सांगण्यासाठी एआय एजंटची मदत घ्यावी, पण व्यापाऱ्यांच्या एकाही नोंदीला त्याचा हात लागू नये, या हेतूने सातपूरच्या कार्यालयात आम्ही गूगलचे मुक्तस्रोत ‘एमसीपी टूलबॉक्स फॉर डेटाबेसेस’ बसवले.

अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलनुसार (एमसीपी, म्हणजे एआयला बाहेरच्या साधनांशी जोडण्याची ठरलेली पद्धत) एजंट आणि डेटाबेस यांच्यामध्ये बसणारा हा सर्व्हर आहे. एजंटला कोणत्या क्वेरी (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) उपलब्ध असतील, हे यॅमल नावाच्या साध्या मजकुराच्या एका फाइलमध्ये आपणच लिहून ठेवायचे असते आणि माझ्या मते या साधनाचे खरे मोल त्यातच आहे. आम्ही तीनच क्वेरी दिल्या: नावावरून फंक्शन शोधणे, त्याची पूर्ण व्याख्या आणणे आणि ते कोणत्या ट्रिगरला (नोंद बदलताच फंक्शन आपोआप चालवणाऱ्या सोयीला) जोडले आहे ते पाहणे. सोबत मिळणाऱ्या तयार मांडणीत मात्र एजंटला एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतली हवी ती आज्ञा चालवू देणारे टूलही असते. या कामासाठी ती मांडणी घेऊ नये. ट्रान्झॅक्शन (एकत्र चालणाऱ्या आज्ञांचा गट) रीड-ओनली, म्हणजे फक्त वाचण्यापुरते, ठेवले की भागते, हा समज फसवा आहे, कारण एजंटचा मजकूर जसाच्या तसा डेटाबेसकडे जात असेल, तर त्यात आधी ‘कॉमिट’ लिहून ते ट्रान्झॅक्शन संपवता येते आणि पुढची आज्ञा मोकळी सुटते. क्वेरी आधीच ठरलेली असेल आणि एजंटकडून केवळ फंक्शनचे नाव पॅरामीटर, म्हणजे तिच्यात भरायचे मूल्य, म्हणून येत असेल, तर ही वाट उरत नाही.

दुसरी जमेची बाजू पोस्टग्रेसची आहे. फंक्शनची व्याख्या वाचण्यासाठी ते चालवण्याची परवानगी लागत नाही, त्यातल्या टेबलांवरचा हक्कही लागत नाही. त्यामुळे एजंटसाठी केवळ लॉगिन करू शकणारा आणि आमच्या एकाही टेबलावर हक्क नसलेला रोल (डेटाबेसमधले खाते) पुरतो. याच नियमाची दुसरी बाजू अशी, की फंक्शनमध्ये कोणी पासवर्ड लिहून ठेवला असेल, तर तोही लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. साधन जोडण्याआधी ही झाडाझडती घ्यावीच. शिवाय फंक्शन चालवण्याचा हक्क पोस्टग्रेस मुळात सर्वांनाच देते, म्हणून ‘सिक्युरिटी डिफायनर’ असलेल्या, म्हणजे मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या, फंक्शनांवरून तो काढून घेणे शहाणपणाचे.

प्रत्यक्ष वापराचे एक उदाहरण देतो. पट्टीची निव्वळ रक्कम काढणाऱ्या एका फंक्शनमध्ये 2016 सालची एक तारीख आणि तिच्या दोन बाजूंना दोन वेगळी गणिते होती. एजंटने व्याख्या वाचून सांगितले, की तारखेआधीच्या व्यवहारांत आडत (अडत्याचे कमिशन) शेतकऱ्याच्या रकमेतून वजा होते, नंतरच्या व्यवहारांत ती खरेदीदाराच्या बिलात जाते. त्या वर्षी राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची आडत खरेदीदाराकडून घेण्याचा नियम केला होता, हे आमच्या नव्या मुलांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच वाचनात आणखी एक गोष्ट निघाली. दर शोधणारे फंक्शन टेबलातून दर वाचत असूनही ‘इम्युटेबल’ म्हणून नोंदवलेले होते. अशा फंक्शनचे उत्तर कधी बदलत नाही असे पोस्टग्रेस धरून चालते, त्यामुळे दर बदलल्यावरही जुनाच आकडा वापरला जाण्याचा धोका असतो; तिथे ‘स्टेबल’, म्हणजे एका क्वेरीपुरतेच न बदलणारे, हवे होते.

‘हे फंक्शन कोण कोण वापरते?’ या प्रश्नावर मात्र एजंटच्या उत्तरावर विसंबू नये. पीएल-पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या भाषेत लिहिलेल्या फंक्शनचा मजकूर पोस्टग्रेस नुसत्या अक्षरांच्या स्वरूपात साठवते आणि त्याच्या आतल्या अवलंबनाची नोंद ठेवत नाही. मजकुरात नाव शोधता येते, पण चालताना जोडून तयार होणारी क्वेरी त्या शोधात सापडत नाही. किरकोळ अडचण आणखी एक: व्याख्या आणणारी पोस्टग्रेसची सोय ॲग्रीगेट (बेरीज, सरासरी यांसारख्या) फंक्शनवर त्रुटी देते, म्हणून क्वेरीत ती आधीच गाळावी लागतात.

टूलबॉक्स अपाचे 2.0 परवान्याखाली विनामूल्य आहे. एजंटमागच्या मॉडेलचा खर्च वेगळा. ते मॉडेल बाहेरच्या सेवेवर चालत असेल, तर फंक्शनचा मजकूर आपल्या कार्यालयाबाहेर जातो, आणि कोणाला किती सूट द्यायची याचे नियम हे व्यापाऱ्याचे गुपितच असते. आम्ही जोडणी सुरू करण्याआधी प्रत्येक व्यापाऱ्याची लेखी संमती घेतली. दोघांनी नकार दिला आणि त्यांचे डेटाबेस आम्ही या साधनाला जोडलेलेच नाहीत.