आठ मार्कांचा प्रोजेक्ट आणि माझ्या डब्यांचे खाडे

मी पुण्यात कर्वेनगरात डबे देते. मुलगी २०२४-२५ला सीबीएसईच्या बारावीत होती, विषय कॉम्प्युटर सायन्स. जुलैत तिला प्रोजेक्टच्या क्लासला घातलं. शनिवार-रविवार दीड-दीड तास, चार महिने, फी साडेसहा हजार. क्लासचं नाव देत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि सर भाजी घेताना भेटतात.

आधी हिशोब. लेखी ७०, प्रॅक्टिकल ३०. त्या ३० मध्ये लॅब टेस्ट १२, रिपोर्ट फाइल ७, प्रोजेक्ट ८ आणि व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, ३. म्हणजे प्रोजेक्ट आणि व्हायवा मिळून ११ मार्कांसाठी साडेसहा हजार, मार्काला जवळजवळ सहाशे. माझा डबा साठ रुपयांचा. एका मार्काला दहा डबे! नवरा म्हणाला, त्यापेक्षा तयार प्रोजेक्ट विकत मिळतो. मिळतो खरा, नोव्हेंबरात तर याच क्लासमध्ये मिळतो, ते पुढे सांगते.

पहिल्या दिवशी सरांनी विषय विचारले. लायब्ररी, हॉस्पिटल, हॉटेल, पुन्हा लायब्ररी. सर म्हणाले, आसपासच्या धंदेवाल्यांना त्यांच्या अडचणी विचारा, हे बोर्डाच्या अभ्यासक्रमातच लिहिलंय. घरी येऊन ही म्हणाली, "आई, तुझी खाड्यांची वही दे." म्हणजे प्रोजेक्टचा विषय माझेच डबे.

दोन आठवडे कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, फक्त प्रश्न लिहून आणायचे, असा सरांचा नियम. सगळ्यात जास्त जीव माझाच गेला. खाडा कधी धरतेस? आदल्या रात्री नऊपर्यंत कळवलं तर. मग वरच्या मजल्यावरचे काका सकाळी आठला सांगतात ते? त्यांचं चालतं. का चालतं? अगं, ते बारा वर्षं डबा घेतायत! रात्रीचाच डबा नको असेल तर अर्धा खाडा का? आणि महिन्याच्या शेवटी साडेतीन खाडे झाले तर पैसे कसे वळते करतेस? मी म्हटलं, तोंड बघून. तिने शांतपणे टेबलात एक रकाना वाढवला आणि त्याला नाव दिलं 'लाडके'.

सप्टेंबरात एका रात्री तिने बेचाळीस गिऱ्हाइकं भरली. सकाळी उघडलं तर टेबल रिकामं. रडारड. सरांनी व्हॉट्सॲपवर एकच ओळ पाठवली, "इन्सर्टनंतर काय राहिलं?" (इन्सर्ट म्हणजे टेबलात माहिती भरायची आज्ञा.) उत्तर दिलंच नाही. मला तेव्हा रागच आला, फी कशाची घेता म्हणून. रविवारी तिचं तिलाच सापडलं, 'कमिट', म्हणजे भरलेलं पक्कं करायची आज्ञा, लिहिली नव्हती. मला समजावलं ते असं: तू पेन्सिलीने लिहिलंस, शाई फिरवायच्या आत वही मिटली, सगळं पुसलं गेलं. बी.कॉम. झालेल्या बाईला एवढं पुरलं.

क्लासची खरी किंमत सरावाच्या व्हायवात आहे. सर मुलांच्या प्रोग्रॅममधली एक ओळ पुसतात आणि विचारतात, आता काय होईल? प्रोजेक्टमधल्या जोडीदाराने लिहिलेल्या भागावर मुद्दाम हिलाच प्रश्न. खऱ्या परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी 'फेचवन' (टेबलातली एकच ओळ आणणं) आणि 'फेचऑल' (सगळ्या ओळी आणणं) यांतला फरक विचारला, तो आला. मग त्यांनी विचारलं, हा 'लाडके' कॉलम कशाला? त्यावर म्हणे पाच मिनिटं गप्पाच झाल्या.

आता तक्रारी. शनिवारी सर नसतात, एक मदतनीस असतो. त्याने मागच्या वर्षीचा कोड 'नुसता बघायला' म्हणून ग्रुपवर टाकला. तीन जोड्यांनी तोच उचलला, तिघांच्या मेनूत स्पेलिंगची चूकही तीच. नोव्हेंबरात येणाऱ्यांना तर पूर्ण फी घेऊन तयार फाइलच हातात ठेवतात. जुलैपासून घाम गाळणारी मुलं शेजारीच बसलेली असतात, निदान त्यांच्यासमोर तरी देऊ नये. कलर प्रिंट आणि बाइंडिंगचे ४५० वेगळे, आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने तेच दीडशेत केलं असतं.

आणखी एक. प्रोग्रॅममध्ये मायएसक्यूएलचा, म्हणजे ही टेबलं जिथे साठतात त्या सॉफ्टवेअरचा, पासवर्ड लिहावा लागतो. क्लासच्या मशीनचा वेगळा, शाळेच्या लॅबचा वेगळा. हे कोणीच सांगितलं नाही. प्रॅक्टिकलच्या सकाळी स्क्रीनवर एरर, पोरगी पांढरीफटक. शाळेच्या बाईंनी दोन मिनिटांत बदलून दिला म्हणून निभावलं. तुमच्या मुलांना हे आधीच सांगून ठेवा, त्याला फी लागत नाही.

ज्याला पायथन, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, अजिबात येत नाही त्याला इथे पाठवू नका. सर लूपपासून शिकवत नाहीत आणि भरभर बोलतात. ज्याला थोडं येतं पण कुठून सुरू करावं कळत नाही, त्याला जून-जुलैतच घाला. रविवारचा, सरांचा तास मागा. फक्त शनिवारचा देत असतील तर पैसे भरू नका.