ओटीटीचा पासवर्ड बदलून आठ महिने झाले: माझा अनुभव

गेल्या नवरात्रात आमच्या घरच्या ओटीटी खात्याचा पासवर्ड बदलला. आता मे संपत आला. इतके महिने वापरून झाल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं, कारण पासवर्ड बदलल्याच्या दिवशी सगळं ठीकच वाटतं. काय टिकलं आणि काय नाही, ते पुढे कळतं. कंपनीचं नाव देत नाही. तिची चूक होती तिथे ती लिहिली आहे, पण निम्मा घोळ आमच्याच घरात पडून होता.

आम्ही धुळ्याला, देवपुरात राहतो. घरात आबा, आई (सासू-सासरे), आम्ही दोघं आणि मुलगा. त्या संध्याकाळी आई एकवीरा देवीचं दर्शन करून आल्या आणि आबांनी टीव्ही लावला. मुलाच्या प्रोफाइलचं नाव कुणीतरी बदललेलं होतं आणि खाली अर्धवट पाहिलेल्या स्पॅनिश मालिकांची रांग. मला वाटलं मुलाने खेळता खेळता काहीतरी दाबलं असेल. दोन दिवसांनी टीव्हीवर सूचना आली की या खात्यावर एका वेळी जितके स्क्रीन चालतात तितके आधीच सुरू आहेत. आमच्या घरात तेव्हा फक्त तो एक टीव्ही चालू होता. तेव्हा पोटात गोळा आला.

‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं. दोनच वाटा होत्या: ईमेलवर लिंक नाहीतर मोबाइलवर ओटीपी. खातं 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ह्यांनी काढलेलं, त्यांच्या कॉलेजच्या काळातल्या ईमेलवर. तो ईमेल तीन वर्षं उघडलेलाच नव्हता, त्याचाही पासवर्ड आठवेना. मोबाइल नंबर आईंच्या जुन्या बटणाच्या फोनचा. नवा फोन घेतल्यावर जुन्याचं रिचार्ज बंद केलं आणि सिम बंद पडलं. त्या ईमेलला पर्यायी नंबर म्हणूनही तोच दिलेला. म्हणजे दोन्ही कुलपांची किल्ली एकाच हरवलेल्या जुडग्यात!

मी तो नंबर लावून पाहिला. रिंग गेली आणि पलीकडून एका माणसाचा आवाज आला, “ताई, हाऊ नंबर आते मना शे.” बंद पडलेला नंबर निदान 90 दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. तसा तो ह्या भाऊंना मिळाला होता. हे म्हणाले, भला माणूस दिसतोय, त्याच्याकडे आलेला ओटीपी वाचून दाखवायला सांगू. मी नको म्हटलं. आपणच आबांना रोज सांगतो की फोनवर कुणालाही ओटीपी सांगू नका, आणि तोच आपण परक्या माणसाकडून मागून घ्यायचा? त्या भाऊंना एवढंच सांगितलं की तुम्हाला कसले कोड आले तर लक्ष देऊ नका, कुणाला सांगूही नका.

मग एक चूक माझ्या हातून होता होता राहिली. गूगलवर ग्राहक सेवेचा नंबर शोधला, वरच एक मोबाइल नंबर दिसला, लावला. समोरचा फार गोड बोलत होता. “मॅडम, एक अ‍ॅप टाका, मला तुमचा स्क्रीन दिसेल, मग पैसे परत देतो.” मी पैशांचं काही बोललेच नव्हते! फोन कापला. ज्यांचे पैसे अशा फोनवर खरंच गेले असतील त्यांनी वेळ न घालवता 1930 ह्या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त. कंपनीशी बोलायचं तर तिच्या अ‍ॅपमधल्या किंवा वेबसाइटवरच्या ‘मदत’ विभागातूनच जायचं.

मदत विभागाच्या चॅटवर चार दिवस गेले. तीन वेगवेगळ्या माणसांना तीच कहाणी पहिल्यापासून सांगावी लागली, आधीचं बोलणं पुढच्याला दिसतच नव्हतं. ही कंपनीची चूक आणि तिचा मला अजूनही राग आहे. शेवटी उपयोगी पडला तो बँकेच्या स्टेटमेंटमधला यूपीआयचा 12 आकडी संदर्भ क्रमांक. शेवटच्या दोन हप्त्यांची तारीख, रक्कम आणि हा क्रमांक दिल्यावर खातं आमचं आहे हे त्यांनी मानलं. तोवर मी यूपीआय अ‍ॅपमधून ऑटोपे, म्हणजे हप्ता आपोआप कापला जायची सोय, थांबवून ठेवलं होतं. पैसे कापण्याच्या 24 तास आधी सूचना येते, ती आम्ही वर्षानुवर्षं न वाचताच पुसत होतो.

आत शिरल्यावर आधी ईमेल बदलला, मग मोबाइल नंबर, मग पासवर्ड, आणि शेवटी ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’. हे शेवटचं बटण दाबलं नाही तर चोर आधीच आत बसलेला असतो, नव्या पासवर्डने त्याचं काही बिघडत नाही. काही ठिकाणी, नेटफ्लिक्ससारख्या, पासवर्ड बदलतानाच हा पर्याय समोर येतो. आमच्याकडे तो वेगळ्या पानावर होता. दाबल्यावरही सगळे लगेच बाहेर पडले नाहीत, थोडा वेळ लागला.

चोर आत आला कसा, त्याचा आमचा अंदाज असा: ह्यांनी तोच पासवर्ड एका खरेदीच्या साइटवरही ठेवला होता. एका ठिकाणची यादी फुटली की तेच ईमेल-पासवर्ड दुसरीकडे यंत्राने लावून पाहतात. सायबर सुरक्षेतले जाणकार ट्रॉय हंट यांनी 2013 मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ ह्या साइटवर आपला ईमेल टाकला की तो कुठल्या फुटलेल्या यादीत आहे का ते दिसतं. ह्यांचा होता.

नवा पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या चार मराठी शब्दांचा केला, इंग्रजी छोट्या अक्षरांत सलग. जितका लांब तितका फोडायला कठीण. आणि तो दर महिन्याला बदलत नाही. ठरावीक मुदतीने सक्तीने बदलायला लावू नये, फुटल्याची शंका आली की मात्र बदलावा, असं एनआयएसटी ह्या अमेरिकेतल्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शिकेतही आहे. आठ महिन्यांत तोच आहे आणि काही गडबड नाही.

त्रास झाला तो रिमोटचा. पहिल्याच रात्री आबांची हाक आली, “सूनबाई, टीव्ही पासवर्ड मांगी ऱ्हायना.” पडद्यावरच्या कीबोर्डवर बाण एकेक घर सरकवत बावीस अक्षरं टाकायची. पुढे गेलं की मागे या, एक अक्षर चुकलं तर कुठलं ते कळत नाही, कारण सगळे टिपकेच. आबांचा अंगठा थरथरतो, एक बटण दोनदा दाबलं जातं. तिसऱ्या वेळी त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाले, राहू दे. मला फार वाईट वाटलं. नंतर कळलं की टीव्हीवर कोड दाखवून फोनवरून मान्यता द्यायची सोय होती, एका बारीक ओळीत लिहिलेली. तुमच्या अ‍ॅपला असेल तर आधी तीच शोधा. पासवर्ड आम्ही आबांच्या डायरीत लिहिलाय, ती कपाटात असते. घरातली डायरी मला चालते. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र टाकू दिला नाही, कारण तिथून तो कुठे कुठे जातो ते आपल्या हातात राहत नाही. शिरपूरच्या नणंदबाईंना हे आधी पटलं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत त्या भाच्यांना घेऊन आल्या, तेव्हा समोर बसवून त्यांच्या फोनवर टाकून दिला.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी डिव्हाइसची यादी पाहते. फेब्रुवारीत आमच्याच टीव्हीपुढे ‘मुंबई’ दिसलं आणि मी पुन्हा सगळे बाहेर काढायला निघाले होते. पण ते ठिकाण इंटरनेटच्या जोडणीवरून अंदाजाने दाखवतात, गाव चुकू शकतं. आता मी गावापेक्षा फोन-टीव्हीचं मॉडेल आणि वेळ पाहते.

आणि ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते हे: पासवर्डपेक्षा त्याच्यामागचा ईमेल आणि नंबर जपा. ते दोन हातात असतील तर पासवर्ड दहा वेळा विसरला तरी पाच मिनिटांत नवा होतो. म्हणून नव्या ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लावली, आणि नंबर माझा, चालू असलेला दिला.

त्यानंतर आईंचा तो जुना नंबर आणखी कुठे कुठे दिलाय ते काढत बसले. बँकेत निघाला. मार्चमध्ये त्यांना घेऊन शाखेत गेले, फॉर्म भरला, बदलला. गॅसच्या पुस्तकावर अजून तोच आहे. सोमवारी एजन्सीत जाणार आहे.