काल्पनिक हॉकी लीग बनवायचीय? फ्रँचायझी थाट की गाव-क्लब थाट, आणि सीझन कधी बसवायचा

कादंबरीसाठी म्हणा, एक्सेलवर फासे टाकून खेळायच्या सिम्युलेशनसाठी म्हणा किंवा नुसती जर्सी-लोगो काढायची हौस म्हणून म्हणा, आपल्या महाराष्ट्रातली एक काल्पनिक हॉकी लीग उभी करायची असेल तर बहुतेक जण पहिल्याच दिवशी लोगो काढायला बसतात. वाघ, चित्ता, गरुड, मावळा, तलवार. आठ लोगो होतात, छान दिसतात, आणि मग कळतं की या टीम एकमेकांशी का भिडतायत याचं उत्तरच आपल्याकडे नाही. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो, आधी नकाशा आणि कॅलेंडर, नावं आणि रंग नंतर. पण दोन्ही रस्ते नीट बघू, कारण कुणाला काय हवंय त्यावर पण बरंच आहे.

पहिला रस्ता फ्रँचायझीचा. शहराचं नाव आणि पुढे एक झगमगीत इंग्रजी अनेकवचन. याचे खरे नमुने आपल्याकडे ढीगभर आहेत. २००५ ला प्रीमियर हॉकी लीग आली तेव्हा मराठा वॉरियर्स होते, धनराज पिल्लेची टीम. २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत पुणे स्ट्रायकर्स आणि मुंबई मरीन्स, त्यातले पुणेवाले फायनलपर्यंत जाऊन शेर-ए-पंजाबकडून हरले. २०१३ ला हॉकी इंडिया लीग सुरू झाली, त्यात मुंबई मॅजिशियन्स, २०१५ ला त्यांच्या जागी दबंग मुंबई, २०१७ नंतर लीगच बंद पडली, आणि २०२४ च्या डिसेंबरात परत सुरू झाली तर पुरुषांच्या आठ टीममध्ये महाराष्ट्राची एकही नाही. २००५ ते २०१७ एवढ्या काळात पाच नावं होऊन गेली, आणि यातल्या एखाद्या टीमची जर्सी अजून जपून ठेवणारा माणूस शोधायला गेलात तर दमाल. रांचीचं तर अजून भारी, २०१३ चा पहिला कप रांची ऱ्हायनोजने जिंकला, २०१५ ला तीच रांची पण टीम रांची रेज, आणि तो कप पण त्यांनीच जिंकला. आता रांचीकरांनी दोन कप मोजायचे की एक-एक?

हे मी टोमणा म्हणून नाही सांगत, तुमच्या कामासाठी हा मसालाच आहे. तुमची गोष्ट पैशाची, मालकाची, लिलावाची असेल, लोकल पोराला बेस प्राइसला उचललं आणि परदेशी ड्रॅग-फ्लिकरवर (पेनल्टी कॉर्नरला गोल मारणाऱ्यावर) सगळी पर्स ओतली असल्या भानगडींची असेल, तर डोळे झाकून फ्रँचायझी घ्या. मालक बदलला की नाव बदलतं, रंग बदलतो, जुने फॅन वैतागतात, कथानक आपोआप पुढे सरकतं. नुसतं डिझाइनच करायचं असेल तरी हेच सोपं, कारण कशालाच कशाचा आधार लागत नाही, जांभळा हवा तर जांभळा. तोटा एकच पण मोठा, तिसऱ्या सीझनला सगळ्या टीम सारख्याच वाटायला लागतात.

मधला एक रस्ता पण आहे. नव्या हॉकी इंडिया लीगमध्ये बंगालच्या टीमने नावात 'राढ' घातलं, राढ म्हणजे तिकडचा पश्चिमेचा पट्टा. टायगर्स शेवटी आहेच, पण आधी मातीचं नाव. तसं आपल्याकडे माणदेश, वऱ्हाड, खानदेश, गंगथडी अशी नावं फुकटात पडून आहेत, वापरा की.

दुसरा रस्ता गाव-क्लबचा, आणि खरं सांगायचं तर मला हाच आवडतो. आपल्या भागात हॉकी कुठून आली ते बघा. छावण्या, रेल्वे कॉलन्या, मिशनच्या शाळा, नंतर पोलीस आणि कंपन्यांच्या टीम. मुंबईचा आगा खान कप १८९६ पासूनचा आहे, म्हणजे तेव्हापासून इथे लोक या खेळासाठी ग्राउंडवर जातायत. धनराज खडकीचा, अॅम्युनिशन फॅक्टरीच्या वस्तीतला, तुटक्या स्टिक बांधून खेळलेला पोरगा चार ऑलिम्पिक खेळला. ही गोष्ट कुठल्या मार्केटिंगवाल्याने बसून लिहिलेली नाही, ती त्या गावातून आली. टीमची ओळख पण तशीच गावातून यायला हवी.

आणि असं चालतं का, तर चालतं, पुरावा हॉकीतला नाही पण शेजारचा आहे. कोल्हापूरचं फुटबॉल बघा, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. एकाही नावात टायगर नाही की वॉरियर नाही, बहुतेक पेठेचं नाव नाहीतर तालमीचं, आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी पेठ लोटते. ओळख म्हणजे कुणाच्या बाजूने ओरडायचं हे लहानपणीच ठरलेलं असणं, बाकी लोगो काय, तो कुणीही काढतो.

आता हे कागदावर कसं आणायचं. माझी युक्ती म्हणजे एक ट्रेन पकडा. कोल्हापूर ते गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस, सातारा, पुणे, दौंड, नगर, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर असं करत राज्य अख्खं उभं-आडवं शिवत जाते. याच रेषेवर सहा टीम ठेवा: कोल्हापूर, सातारा, खडकी (नेमकी रेषेवर नाही, पण पुण्याला लागून), नगर, भुसावळ, कामठी. प्रत्येकीला कारण आहे. कामठी नागपूरला लागून, जुनी छावणी, लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर तिथे. भुसावळ म्हणजे रेल्वे यार्ड, लोको शेड आणि वर ऑर्डनन्स फॅक्टरी. नगर (आता अहिल्यानगर) म्हणजे आर्मर्ड कोअर, रणगाडे. कोल्हापुरात हॉकीचं वेगळं स्टेडियम आहे, ध्यानचंदांच्याच नावाचं, पण गाव वेडं फुटबॉलचं, म्हणजे तिथल्या हॉकी टीमचा खरा शत्रू समोरची टीम नाहीच, फुटबॉल आहे, हा अँगल कुठल्याही लोगोपेक्षा जास्त कामाचा. आणि साताऱ्याला तुम्ही काही शोधायलाच नको, वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ, भारताच्या महिला टीमपर्यंत पोचलेल्या पोरी याच जिल्ह्यातल्या. सातारची लीगमधली महिला टीम पुरुषांपेक्षा मोठी दाखवा, कुणी अतिशयोक्ती म्हणणार नाही.

रंगांचं थोडक्यात. कोल्हापूर तांबडा-पांढरा, यावर चर्चा नको. सातारा कासच्या तेरड्याचा जांभळट गुलाबी. भुसावळ काळ्यावर पिवळा पट्टा. कामठी खाकी आणि काळी बाही. नागपूर म्हणून संत्र्याचा लोगो मात्र प्लीज नको, तो सगळ्यांनी काढून झालाय. नगरला ऑलिव्ह हिरवा आणि खडकीला गडद निळा मनात येतो, आणि इथे खरी मेख आहे, ती म्हणजे तुमची लीग कुठल्या काळात घडते.

कारण २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकनंतर मोठ्या मॅचेस निळ्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम मैदानावर, दिसायला लागल्या, त्यावर गडद निळी जर्सी म्हणजे माणूस गायब. आणि गवतावर हिरवी घातली तर नगरवाले गायब. म्हणजे आजची लीग असेल तर खडकीला पांढरा द्या, जुनी असेल तर नगरचा रंग बदला. दोन जर्सी प्रत्येकाला लागणारच, आणि गोलकीपरचा शर्ट दोन्ही टीमपेक्षा वेगळा, हे विसरलात तर हॉकी माहीत असलेला वाचक पहिल्या पानावरच तुम्हाला पकडेल.

पण काळाची निवड फक्त रंगापुरती नाही हो, मला तर वाटतं सगळ्यात मोठा निर्णय हाच आहे. ऑलिम्पिकमध्ये कृत्रिम मैदान पहिल्यांदा आलं १९७६ ला माँट्रियलला. त्याआधी सगळं गवतावर नाहीतर मातीवर. गवताचं ग्राउंड प्रत्येक गावाचं वेगळं असतं, कुठे बॉल उडतो, कुठे थांबतो, कुठल्या कोपऱ्यात चढ आहे ते फक्त घरच्या पोरांना माहीत. म्हणजे होम ग्राउंड हीच अर्धी ओळख झाली. टर्फवर तसं नाही, पाणी मारलेलं टर्फ इथून तिथून सारखंच, बॉल सुसाट, तिथे फरक पडतो तो फिटनेस आणि पेनल्टी कॉर्नरने. सिम्युलेशनवाल्यांनी लक्षात घ्या, सत्तरीतली लीग केलीत तर होम अॅडव्हान्टेज जास्त ठेवा, ऑफसाइड ठेवा (तो नव्वदच्या दशकात गेला), पस्तीस मिनिटांचे दोन हाफ ठेवा. आजची असेल तर १५ मिनिटांचे चार क्वार्टर, रोलिंग सबस्टिट्यूशन, हिरवं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर, पिवळं म्हणजे किमान पाच. गोष्टीसाठी मी सत्तरीचं दशक घेईन, गेमसाठी आजचं, कारण कार्डं आणि कॉर्नरमुळे फासे टाकायला मजा येते.

एक नियम मात्र उचलू नका. हॉकी इंडिया लीगने २०१६ ला फील्ड गोलला, म्हणजे चालू खेळात मारलेल्या गोलला, दोन गोल मोजायला सुरुवात केली होती. ऐकायला भारी, पण तुमच्या लीगचे जुने-नवे रेकॉर्ड एका रांगेत बसणारच नाहीत मग, टॉप स्कोअररची यादी निरर्थक होते.

आता सीझन. इथे पण दोनच खरे पर्याय. एक म्हणजे कारवाँ, सगळ्या टीम एका शहरात आणायच्या आणि महिनाभरात उरकायचं. प्रीमियर हॉकी लीगचा पहिला सीझन अख्खा हैदराबादला झाला, २०२४-२५ ची पुरुषांची हॉकी इंडिया लीग मुख्यतः राउरकेलात, महिलांची रांचीत. खऱ्या आयुष्यात हे शहाणपणाचं आहे, खर्च वाचतो, चांगलं टर्फ असतंच किती ठिकाणी. लिहिणाऱ्यालाही सोपं, एक हॉटेल, एक ग्राउंड, सगळी पात्रं एका कँटीनमध्ये. फ्रँचायझी थाट घेतला असेल तर कारवाँच घ्या. पण गाव-क्लब थाट घेऊन कारवाँ केलात तर कशाला एवढं गाव उभं केलं, कारण भुसावळची टीम भुसावळात खेळतच नाही.

दुसरा होम-अवे. सहा टीम, प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे ३० मॅचेस, दहा राउंड, प्रत्येकाच्या घरच्या पाच. आठ टीम केल्या की लगेच ५६ मॅचेस आणि चौदा राउंड, दहा केल्या तर ९०. हे आकडे बघूनच ठरवा, कारण प्रत्येक मॅचचा स्कोअर तुम्हालाच लिहायचाय, आणि उत्साहात दहा टीम घेणाऱ्या बऱ्याच लीग सहाव्या राउंडला फाइलमध्ये झोपतात.

कॅलेंडर आपल्या हवामानाने आधीच आखून दिलंय. जून ते सप्टेंबर पाऊस, गवतावर तर विषयच सोडा. एप्रिल-मे मध्ये कामठीला ४५ डिग्रीत दुपारी कोण खेळणार. म्हणजे उरतो दसरा ते फेब्रुवारी. दसऱ्यानंतरच्या शनिवारी सुरू करा, दिवाळीचा आठवडा सुट्टी, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू म्हणजे ट्रेनची तिकिटं मिळणार नाहीत (हे नक्की वापरा, अर्धी टीम जनरल डब्यात असा एक प्रसंग तयारच आहे), संक्रांतीच्या आसपास डर्बी (जुन्या दुश्मनांची मॅच), आणि बारावीची बोर्डाची परीक्षा लागायच्या आत फायनल, कारण ज्युनियर पोरं आणि अर्धं पब्लिक अभ्यासाला बसतं. २९ ऑगस्ट, ध्यानचंदांचा वाढदिवस, पावसात येतो म्हणून मॅच नको, त्या दिवशी फिक्श्चर जाहीर करा आणि नवी जर्सी दाखवा.

प्रवासासाठी जोड-मॅच ठेवा. कोल्हापूरहून नागपूरला महाराष्ट्र एक्सप्रेसने पूर्ण एक दिवस आणि वर काही तास जातात, तेवढं जाऊन एक मॅच खेळून परत येणं कुणालाच परवडत नाही. म्हणून शनिवारी भुसावळ, रात्रीची गाडी, सोमवारी कामठी. दुसऱ्या मॅचला पाय जड झालेले असतात, आणि कामठीवाले दरवर्षी याच जोरावर टेबलात वर राहतात, असं दाखवलं की बाकीच्या टीमची चिडचिड आपोआप जन्माला येते. बघा, डर्बी आणि दुश्मनी टाइमटेबलातून आली, लोगोतून नाही.

पॉइंट साधे ठेवा, जिंकलं तीन, बरोबरीत एक-एक, आणि आंतरराष्ट्रीय प्रो लीगसारखं बरोबरीनंतर शूटआउट घेऊन जिंकणाऱ्याला एक बोनस. आठ सेकंदांचा शूटआउट (एकटा खेळाडू विरुद्ध गोलकीपर) लिहायला पेनल्टी स्ट्रोकपेक्षा कितीतरी रंगतदार. वर-खाली जाणं, म्हणजे रेलिगेशन, प्रीमियर हॉकी लीगमध्ये होतं, पण सहा टीमच्या लीगला नको, त्यासाठी खालची अख्खी लीग बनवावी लागते.

जुना इतिहास किती लिहायचा हे पण लोक विचारतात. मागचे तीन सीझन पूर्ण टेबलासकट, त्याआधीचे फक्त विजेते आणि एखादा वाद. त्याहून खोल जायची गरज पडली तर तेव्हा बघू.

राहिली मुंबई. मी पहिल्या सीझनला मुद्दाम बाहेर ठेवतो. मुंबई आली की चर्चगेटचं हॉकी स्टेडियम, वांद्र्याची गोवन कॅथलिक घराणी, एअर इंडियाची जुनी टीम, पोलीस, दोन रेल्वे, एवढं सगळं घेऊन येते की बाकीचे पाच-सहा झाकले जातात. पण कायम बाहेर ठेवली तर खोटं वाटेल. आणि एकटी घेतली तर टीम सात होतात, म्हणजे दर राउंडला एकाला सुट्टी, सगळं टाइमटेबल लंगडं. म्हणून दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या सीझनला मुंबई आणि देवळाली एकदम घ्या, तोफखान्याचं गाव आहे, छावणीच्या रांगेत चपखल बसतं. तेव्हा मॅचेस ५६ होतील, तर दुहेरी ऐवजी एकेरी फेरी करून २८ वर आणा आणि वर चार टीमची बाद फेरी लावा. कुणाला घरच्या चार मॅचेस मिळतील, कुणाला तीन, आणि मुंबईला चार दिल्या तर नगरवाले गप्प बसणार नाहीत.